तळ्यातली निळी सावली

माझा आजा बिदर जिल्ह्यात जन्मला, बाप उस्मानाबाद जिल्ह्यात कर्ता झाला आणि माझी पोरं लातूर जिल्ह्यात शाळेत गेली. एवढं सगळं होईस्तोवर आमचं घर वीतभरही जागचं हललं नाही. मुदगळवाडीचं हे असंच आहे. गाव आपलं देवणीच्या अलीकडे माळाच्या कुशीत पडून असतं आणि जिल्हे त्याच्यावरून ढगासारखे निघून जातात. ढग मात्र जिल्ह्यांइतके येत नाहीत.

लातूरचा जिल्हा होऊन नुकतं कुठं बस्तान बसत होतं, त्या सुमारास पावसानं आमच्याकडं लागोपाठ पाठ फिरवली. त्या वेळची ही शिवमूर्तीअप्पाची गोष्ट.

शिवमूर्ती घाणेवाला. गावात शिरलं की आधी त्याच्या लाकडी घाण्याचं कुरकुरणं ऐकू यायचं आणि मग करडईच्या ताज्या तेलाचा वास यायचा. ऊन चढलं की तो वास जड होऊन गल्लीभर बसून राही. शिवमूर्ती उंच, वाळका, मान ताठ. सकाळी लिंगपूजा करून कपाळाला विभूती लावायचा. पण बोटांना आदल्या दिवशीचा रंग असायचा, म्हणून त्याची विभूती कधी पांढरी दिसे, कधी हिरवट, तर कधी गेरूसारखी. नवखा माणूस विचारात पडायचा, की हा कुठला नवा पंथ.

तर शिवमूर्ती चित्रं काढायचा. तैलचित्रं. आणि तीही अशी, की आमच्या भागात तशी कुणी बघितली नव्हती.

तरुणपणी बापाशी भांडून तो हैदराबादला गेला होता. तिथं एका फ्रेमवाल्याच्या दुकानात देवांना आणि मेलेल्या माणसांना चौकटी ठोकायचं काम मिळालं. दुकानाच्या मागं एक म्हातारा चित्रकार राहायचा. शिवमूर्ती त्याला उस्तादच म्हणे. उस्ताद मूसीचा काठ रंगवायचा, चारमिनारकडचा पाऊसओला बाजार रंगवायचा, चिरागबत्तीच्या वेळची दुकानं रंगवायचा. जवळून बघावं तर नुसते रंगाचे गोळे, जसा कुणी भिंतीवर पिठलं फेकून मारलंय. आणि दहा पावलं मागं सरकलं की गोळ्यांचा बाजार व्हायचा, माणसं चालायला लागायची, ओल्या फरशीवर दिवे हलायचे. शिवमूर्तीचं तिथंच डोकं फिरलं ते कायमचं.

उस्तादनं त्याला दोन गोष्टी शिकवल्या. एक, डोळे बारीक करून बघायचं. दुसरी, काळा रंग जवळ ठेवायचाच नाही. "मियाँ, साये में काला कायकू डालते? काला तो तवे कू होता," असं तो म्हणायचा. आकाशाचा रंग सावलीत उतरतो, म्हणून सावली निळी असते, हे शिवमूर्तीनं तिथं ऐकलं आणि पुढं आयुष्यभर लिंगासारखं छातीशी बाळगलं.

बाप वारला तसा तो परतला, घाण्याला बैल जुंपला आणि चित्रंही सुरू ठेवली. विकतचे रंग परवडणारे नव्हते, म्हणून ते घरीच करायचा. उदगीरच्या दुकानातून गेरू, पिवळी पेवडी आणि सफेदा आणायचा. निळ्यासाठी कपड्यांना घालायची नीळ होतीच. हे सगळं पाट्यावर तेलात घोटायचं आणि मांजरपाटाला डिंकाची खळ देऊन त्यावर सुरीनं थापायचं. उस्तादनं सांगितलं होतं जवसाचं तेल, ते लवकर वाळतं. पण शिवमूर्तीचा घाणा करडईचा. घरचं तेल सोडून दुसऱ्याचं तेल वापरणं त्याला कमीपणाचं वाटे.

"करडईचं तेल पिवळं पडत न्हाई," तो अभिमानानं सांगायचा.

"पर वाळतबी न्हाई," पार्वतम्मा, त्याची बायको, आतून म्हणायची.

दोघंही खरं बोलत होते. दसऱ्याला काढलेला उदगीरचा मोंढा संक्रांतीला माश्या धरायचा. लातूरच्या गंजगोलाईचं चित्र तर असं ओलं राहिलं, की पार्वतम्मा एकदा त्याला घासून गेली आणि गोलाईतली निम्मी दुकानं तिच्या इरकलीच्या पदरावर आली. ते लुगडं नेसून ती लग्नाला गेली, तेव्हा कुणीतरी विचारलं, हा पदर कुठल्या पेठेतला. ती म्हणाली, "लातूरच्या."

आमच्या गावाला चित्र म्हणजे देवाचं माहीत. ते हातात घेऊन, डोळ्यांजवळ आणून, हात जोडून बघायचं. त्यामुळं घाण्यावर तेलाला येणारी माणसं शिवमूर्तीच्या चित्राला नाक लावूनच उभी राहत. दगडोबा एकदा तसाच आला. दगडोबा म्हणजे म्हातारा गुराखी माणूस. देवणी गायीची जात तो अंधारात हात फिरवून सांगायचा. त्याची गाय चित्रात होती.

"गाय कुठंय?" दगडोबानं विचारलं.

शिवमूर्तीनं दोन पांढऱ्या फटकाऱ्यांवर बोट ठेवलं.

"ही? हिला तोंड न्हाई, शेपूट न्हाई. कास तर बिलकुल न्हाई. अप्पा, मवी गाय दूध देती, राव."

"दुरून बगा, दगडूतात्या. मागं सरका. आजून. आजून सरका."

दगडोबा सरकत सरकत दारातून बाहेर गेला, ओटा उतरला आणि समोरच्या उकिरड्यात पाठीवर पडला. पडल्या पडल्या त्यानं मान वर करून बघितलं. बराच वेळ बघत राहिला. मग तिथूनच म्हणाला, "मवीच हाय. तोंड काळं दिसून राहिलंय. वानेऱ्या जातीची." त्या दिवसापासून तो शिवमूर्तीच्या बाजूचा झाला आणि जो येईल त्याला उकिरड्यापर्यंत मागं सरकवू लागला.

पण तेलाची गिऱ्हाइकं, दगडोबा आणि घाण्याचा बैल यांच्याखेरीज त्या चित्रांना बघणारं कुणी नव्हतं. त्यातही बैलाचे डोळे बांधलेले. शिवमूर्ती कुणाला बोलून दाखवायचा नाही, पण आपलं एखादं चित्र अशा ठिकाणी लागावं जिथं अनोळखी माणूस त्याच्यासमोर थांबेल, ही एकच भूक त्याला होती. भाकरीची भूक माणसाला लपवता येत नाही. ही त्यानं वीस वर्षं लपवली.

आणि मग अमृतराव सरपंचांना कल्पना सुचली.

अमृतराव म्हणजे पांढराशुभ्र माणूस. सदरा पांढरा, धोतर पांढरं, टोपी पांढरी. नव्या जिल्ह्याची कचेरी बघून ते नुकतेच आले होते. घाण्यावर बसून म्हणाले, "अप्पा, कचेरीच्या भिंती समद्या रिकाम्या हायेत. मी डोळ्यांनी बघून आलो. कलेक्टरसाहेब गावोगाव फिरून राहिलेत. समदी गावं शाल-नारळ देतेत. आपण आपल्या गावाचं चित्र देऊ. सरळ जिल्ह्यात लागंल."

शिवमूर्ती उठला. त्यानं बैल सोडला, त्याच्या डोळ्यांची झापड काढली आणि सुरी-पाटी घेऊन तळ्याकडं निघाला. त्या दिवशी घाणा पुन्हा फिरला नाही.

आमचं तळं गावाच्या पूर्वेला. पाळीवर एक चिंच आहे, आमच्या आज्यांच्याही आधीची. त्या साली तळ्यात पाण्याचा टिपूस नव्हता. गाळ वाळून राखेसारखा पांढुरका झालेला, त्याला भेगा पडलेल्या, भेगांत पाखरं उतरायची. बाया ओढ्यात खड्डे खणून, झिरपलेलं पाणी वाटीवाटीनं घागरीत भरायच्या. दिवस कलला की चिंचेची सावली पाळ उतरून त्या कोरड्या तळ्यात लांबच लांब पसरायची. शिवमूर्ती रोज त्याच वेळेला तिथं जाऊन बसायचा. ऊन पिकल्यासारखं व्हायचं, माळ तांबूस व्हायचा, आणि तो डोळे बारीक करून सुरीनं एक थापटी मारायचा, परत बघायचा. घाई त्याला ठाऊकच नव्हती. दिवाळीनंतर बसला तो मार्गशीर्षातल्या वेळाअमावस्येपर्यंत.

चित्र झालं. सरपंच बघायला आले. दगडोबानं त्यांना उकिरड्याच्या अलीकडच्या नेमक्या जागेवर उभं केलं. सरपंचांनी बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"अप्पा," ते हळूच म्हणाले, "तळ्यात पाणी कशाला दाखवलाव?"

"पाणी न्हाई त्ये. सावली हाय. चिंचंची."

"निळं हाय की."

"सावली निळीच असती."

सरपंच ओट्यावर बसले. "हे बगा, साहेब टँकरसाठी येऊन राहिलेत. तळं कोरडं हाय का न्हाई, ते बघणार. आपण त्यांच्या हातात काय द्यायचं? निळंशार भरलेलं तळं? ते चित्र घेऊन जाणार, कचेरीत लावणार, आणि उद्या आपण आणखी एक टँकर मागाया गेलो, तर कारकून मान वर करून म्हणणार, त्ये काय, पाणी हाय की तुमच्याकडं."

हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. ओट्यावर जमलेली माणसं चित्राकडं बघू लागली. बोलणं खोटं म्हणावं तर चित्र समोर होतं. उकिरड्याजवळून बघितलं, तर त्या पांढऱ्या गाळात ते निळं असं गार दिसत होतं, की बघणाऱ्याला तहान लागावी.

"सावली काळी करा," सरपंच म्हणाले.

"सरपंच, तुमचा सदरा कोणत्या रंगाचा?"

"पांढरा."

"त्यात नीळ घातली हाय."

"म्हणून तर पांढरा दिसतो."

"मग मवी सावली नीळ घातल्यामुळंच सावली दिसती."

सरपंचांनी सदऱ्याकडं बघितलं. मग ते म्हणाले, "सदऱ्यावर टँकर येत न्हाई, अप्पा."

दुसऱ्या दिवशी अख्खा गाव तळ्यावर. सावलीचा रंग कोणता, याचा निकाल समक्ष लावायचं ठरलं होतं. दिवस कलला, सावली उतरली, आणि पाळीवर ओळीनं बसून सगळ्यांनी डोळे बारीक केले. लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं, गावाला डोळ्यांची साथ आलीय. अर्ध्या लोकांना सावली निळी दिसली आणि अर्ध्यांना काळी. ज्यांना निळी दिसली ते म्हणाले, काळीवाल्यांनी डोळे नीट बारीक केले नाहीत. काळीवाले म्हणाले, निळीवाले घाण्याचं तेल उधारीवर नेतात. एका भावकीत तर थोरला निळा आणि धाकटा काळा निघाला. त्यांचं बांधावरून आधीच वाकडं होतं, आता सावलीवरूनही झालं.

तेवढ्यात पार्वतम्मा ओढ्याकडून आली. डोक्यावर घागर, कमरेवर घागर. पाळीवर सगळे गडी डोळे मिटल्यासारखे करून बसलेले बघून ती थांबली.

"काय करलालाव समदे मिळून?"

"सावलीचा रंग बघून राहिलाव," दगडोबा म्हणाला.

"नीळ मवी. लुगड्यांना ठिवलेली," ती नवऱ्याला म्हणाली. "आन पाणीबी मीच आणून राहिले. मग मला इचारा की. टँकर येत आसंल तर सावली काळी केल्यानं काय बिघडतंय ओ? मरून जाती का सावली?"

ती घराकडं वळली. बायकोच्या मानेवरून सांडलेलं पाणी तिच्या पाठीवर उतरत होतं, ते शिवमूर्तीनं बघितलं. घरी जाऊन त्यानं दिव्याचं काजळ खरडलं, तेलात घोटलं आणि सुरीवर घेऊन चित्रासमोर उभा राहिला. मग त्यानं ती सुरी तव्याच्या पाठीला पुसली. तवा तेवढा जास्त काळा झाला.

"जमत न्हाई," तो पार्वतम्माला म्हणाला.

"दिसलं," ती म्हणाली, आणि त्याच तव्यावर भाकरी टाकली.

सरपंच तरी काय करणार? साहेब येणार त्या दुपारी ते झेंडूचा जाडजूड हार घेऊन आले. चित्र चावडीत बाकड्यावर भिंतीला टेकवून ठेवलं होतं. निळी सावली झाकेल अशा बेतानं सरपंच हार घालू लागले, तर दगडोबानं त्यांचा हात धरला.

"सरपंच, फोटोला हार कव्हा घालतेत?"

सरपंच थबकले.

"गाव आजून जित्तं हाय," दगडोबा म्हणाला.

हार बाजूला राहिला. तोवर जीप आलीच.

साहेब तरुण होते, चष्म्याचे, धुळीनं केस पांढरे झालेले. चावडीत येऊन खुर्चीवर बसले. सरपंच जे बाकड्यासमोर उभे राहिले ते राहिलेच. दोन्ही हात मागं, छाती पुढं. साहेब म्हणाले, बसा. सरपंच म्हणाले, बरं हाय. साहेब चहाचा कप ठेवायला पुढं वाकले, तसे सरपंच मागं सरले. साहेब चित्र बघायला उजवीकडं झुकले, तसे सरपंच उजवीकडं सरकले. मागं म्हणजे किती मागं, याचं भान त्यांना राहिलं नाही. आम्ही कडेला उभे होतो. आम्हाला दिसत होतं की अमृतराव हळूहळू तळ्यात उतरत चाललेत. पण साहेबांसमोर सांगणार कोण?

"चला, तळं बघू," साहेब म्हणाले.

"चला," म्हणून सरपंच पुढं निघाले.

त्यांच्या पाठीवर, त्या नीळ घातलेल्या पांढऱ्याशुभ्र सदऱ्यावर, चिंचेची लांबच लांब सावली उमटली होती. उलटी, पण पानं सुटी सुटी मोजून घ्यावीत अशी. ते पुढं, त्यांच्या मागं साहेब, साहेबांच्या मागं गाव. सगळ्यांच्या नजरा त्या पाठीवर. साहेबांनी चष्मा काढून पुसला आणि परत लावला.

शिवमूर्ती चावडीत मागं राहिला होता. त्यानं चित्राकडं बघितलं. तळ्यात नुसता पांढुरका गाळ उरला होता. सावली गेली आणि तिच्याबरोबर ऊनही गेलं. चिंच पाळीवर अशी उभी दिसत होती, जशी कुणी तिथं आणून टेकवून ठेवलीय. आता हे चित्र सरपंचांना हवं तसं झालं होतं. गप्प बसायचं, एवढंच करायचं होतं. चित्र जिल्ह्यात लागलं असतं आणि गावही सुखी झालं असतं.

त्यानं चित्र उचललं, सुरी घेतली आणि तळ्याकडं पळत सुटला. पळणारा शिवमूर्ती गावानं तेव्हाच पहिल्यांदा बघितला.

तळ्यावर साहेब भेगांत काठी घालून बघत होते. सरपंच हात जोडून म्हणत होते, "टिपूसबी न्हाई साहेब, निळं काहीच न्हाई."

"सरपंच, हलू नका," मागून आवाज आला.

"काय झालं?"

"मवी सावली तुमच्या पाठीवर हाय. वाका जरा."

काय झालं ते कळायला सरपंचांना थोडा वेळ लागला. मग ते वाकले. गावाचा पहिला माणूस, हात गुडघ्यांवर ठेवून, पाळीवर वाकून उभा. शिवमूर्तीनं चित्र चिंचेच्या बुंध्याला टेकवलं. सरपंचांच्या पाठीवरून सुरीनं निळा रंग खरवडायचा, वळायचा, डोळे बारीक करून समोर तळ्यात बघायचा आणि थापटी मारायचा. दिवस कलायला लागला होता. खरी सावली पाळ उतरत होती, आणि तिच्या शेजारी चित्रातली सावलीही उतरू लागली.

"हे काय चाललंय?" साहेबांनी विचारलं.

"लई गुदगुल्या होतेत साहेब," सरपंच खालूनच म्हणाले.

साहेब जवळ आले. मग बोट दाखवून म्हणाले, "डाव्या खांद्याजवळ थोडं राहिलंय."

शिवमूर्तीनं तेही घेतलं. साहेबांनी चित्राकडं नाक नेलं. "हे निळं म्हणजे पाणी का?"

सरपंचांनी वाकल्या वाकल्या डोळे मिटले. पार्वतम्मा घागर घेऊन बायांच्यात उभी होती, तिच्याकडं शिवमूर्तीनं एकदा बघितलं.

"सावली हाय साहेब," तो म्हणाला. "गावाला पाणी वाटून राहिलंय. म्हणून टँकर येणार न्हाई, आसं समद्यांना भ्याव हाय. मला सावलीच दिसली, तशी काढली."

"दुरून बगा, साहेब," दगडोबा पुढं झाला. "मागं सरका. इथं उकिरडा न्हाई, बिनघोर सरका."

साहेब मागं सरकले. चष्मा काढला. डोळे बारीक केले, एकदा चित्राकडं, एकदा तळ्याकडं. "मला तर जांभळी दिसते," ते म्हणाले.

निळे आणि काळे दोघंही एकदम नाराज झाले.

"आणि टँकर मी चित्र बघून पाठवत नाही," साहेब पुढं म्हणाले. "तळ्यात उभा आहे मी. धूळ दिसतेय मला." मग त्यांनी चित्र घ्यायला हात पुढं केला, आणि चौकटीऐवजी अंगठा आभाळात गेला. निळा अंगठा बघत ते म्हणाले, "वाळलं की पाठवा."

टँकर आला. आठवडाभरातच आला. पार्वतम्मानं पहिली घागर भरली आणि घरी नेऊन नवऱ्यासमोर ठेवली. त्याच्यापासून लपवून ठेवलेली नीळ कुठंय, ते त्या दिवशी तिनं आपण होऊन सांगितलं.

चित्र मात्र वाळेना. टँकरवर मलप्पा म्हणून देगलूरकडचा डायव्हर होता, मराठीत तेलुगू कालवून बोलणारा. प्रत्येक खेपेला तो घाण्यावर यायचा, चित्राच्या कडेला बोट लावायचा आणि म्हणायचा, "लेदू अप्पा, आजून न्हाई." होळी गेली, पाडवा गेला. चैत्र सरत आला, तेव्हा कुठं मलप्पाचं बोट कोरडं निघालं. त्याच्या टँकरला दुरुस्तीसाठी लातूरला जायचंच होतं. त्यानं चित्र टँकरच्या मागं दोरीनं बांधलं, तोंड बाहेर करून. आतला रंग अजून ओला होता, वाटेत वारा लागून वाळेल म्हणाला. उदगीरपासून लातूरपर्यंतच्या रस्त्याची धूळ त्या चित्रात बसली. कोरड्या तळ्यावर खरी धूळ. शिवमूर्तीला ती पसंत पडणार, असं मला वाटलं, पण तो फक्त म्हणाला, "बगू."

आणि बघायला आम्ही गेलो. शिवमूर्ती, अमृतराव आणि मी. सरपंच तोच सदरा घालून आले होते. कितीही धुतला तरी पाठीवर चिंच फिकी फिकी राहिलीच होती, आणि आता ते ती मिरवत होते.

कचेरीत साहेब बदलून गेले होते. पण चित्र होतं. एका बोळासारख्या अरुंद वाटेत, खिडकीच्या समोरच्या भिंतीवर. दोन माणसं तिरपी होऊन एकमेकांना ओलांडत होती, आणि ओलांडताना त्यांचे खांदे आमच्या माळाला घासत होते. शिवमूर्ती चित्रासमोर उभा राहिला. एक पाऊल मागं सरकला आणि त्याची पाठ खिडकीच्या गजांना लागली. त्याहून मागं जायला जागाच नव्हती. एवढ्या अंतरावरून सगळे गोळेच होते.

एक बाई आली, फाईल सांभाळत निघून गेली. एकानं नाक लावून बघितलं आणि म्हणाला, "रंग सांडलाय वाटतं." तोही गेला.

"लागलं तर खरं," सरपंच म्हणाले.

"लागलं," शिवमूर्ती म्हणाला. वीस वर्षांत त्याची मान अशी खाली गेलेली मी बघितली नव्हती.

आम्ही बाहेर आलो. रस्त्यापलीकडं चहाचं हॉटेल होतं, बाहेर बाकडी टाकलेली. ऊन मी म्हणत होतं. आम्ही बसलो. शेजारी निलंग्याकडचा एक पटकेवाला शेतकरी कामासाठी थांबला होता. पटक्याच्या शेवानं वारा घेत तो समोर कचेरीकडं बघत होता. बराच वेळ.

"लई ऊन हाय वो तिथं," तो आपल्याशीच म्हणाला.

"हितंबी तेवढंच हाय," सरपंच म्हणाले.

"हितलं न्हाई. त्या खिडकीतलं."

शिवमूर्तीनं वर बघितलं. रस्ता, कुंपण, कचेरीची भिंत, आणि भिंतीतल्या खिडकीच्या बरोबर मधोमध आमचा माळ उन्हात पेटलेला, तळ्याचा गाळ, पाळीवर चिंच. सगळं जागच्या जागी. उकिरड्याच्या कितीतरी पलीकडचं अंतर होतं ते.

"त्या चिंचंखाली जाऊन बसावं वाटून राहिलंय," पटकेवाला म्हणाला.

सरपंच काही बोलणार, एवढ्यात शिवमूर्तीनं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. पोऱ्याला खूण करून त्या माणसासाठी चहा सांगितला. मग घसा साफ करून, अगदी सहज विचारल्यासारखं त्यानं विचारलं, "मामा, सावली कोणच्या रंगाची दिसती तुम्हाला?"

पटकेवाल्यानं त्याच्याकडं नवलानं बघितलं. "रंग कसला इचारतो, अप्पा? गार दिसती."

सरपंच हसायला लागले. शिवमूर्ती हसला नाही. बशीतला चहा निवेपर्यंत तो खिडकीकडं बघत बसला, मग गार झालेला चहा एका घोटात प्याला आणि आणखी एक सांगितला.

परतताना गाडी उदगीरला थांबली. शिवमूर्ती खाली उतरला आणि धावत जाऊन नीळ घेऊन आला. दोन पुड्या होत्या. एक त्यानं रुमालात बांधली आणि दुसरी माझ्याकडं देत म्हणाला, "ही पार्वतम्माची. मह्याकडं ठिवली तर घरी पोचायची न्हाई."